तळ्यातले मासे वर आले

अहो,

आल्या-आल्या तळ्याकडं जाऊ नका, आधी हे वाचा. सकाळी सगळे मासे पाण्यावर येऊन, तोंडं उघडून तडफडून राहिले होते. काल तुमी हळदीवर फवारून पंप तळ्यातच खंगाळला, त्याचंच हे. मी मोटर लावून ताजं पाणी सोडत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी काठाचे दोन मासे आयतेच धरले अन् कालवण करून खाल्ले. आता त्यांच्या उलट्या थांबून न्हाई राहिल्या. मी त्यांना जीपनं कळमनुरीच्या दवाखान्यात नेऊन राहिले. उरलेलं कालवण मातीत पुरलं. डॉक्टर औषधाचं नाव इचारतील. फवारणीचा डबा मला सापडला न्हाई, तो घेऊनच या.

पंप कोणी धुतला, ते आत्याबाईंना सांगितलं न्हाई. त्या सारखं तुमालाच बोलवून राहिल्या.

— द्वारका