दहाव्या ओळीची जागा

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शाळांचे नकाशे छापणाऱ्या छापखान्यातून ‘दुसरी तपासनीस’ या पदावरून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि डोळ्यांवर चष्मा असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ताई शेजारच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसली आहे, पण त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकीलबाई सांगतात.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. मागच्या वर्षी केलेले पहिले यामुळे रद्द होते. दुसरे आले की पहिल्याला कोणी विचारत नाही, अशी जगात एवढी एकच जागा मला सापडली. पहिल्यात मी ताईला फक्त छत्री ठेवली होती, तीही काडी मोडलेली. आता ते का बदलले, हे कलम चारमध्ये येईल. मधली कलमे गाळून कोणी तिकडे उडी मारू नये.

कलम १. नातेवाईक. मी अविवाहित. ताई ही माझी जुळी बहीण, माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठी. त्या अकरा मिनिटांचा तोरा तिने चौऱ्याहत्तर वर्षे पुरवला. शाळेत पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. छापखान्यात आम्ही एकाच दिवशी लागलो, तर पहिली तपासणी तिच्याकडे आणि दुसरी माझ्याकडे. तिच्या नजरेतून सुटलेल्या चुका मी पकडायच्या आणि शाबासकी तिने घ्यायची, असे अडतीस वर्षे चालले. दुसरी नातेवाईक म्हणजे दिवंगत धाकट्या भावाची मुलगी. ही पुतणी बँकेत आहे. दर रविवारी येते आणि आम्हा दोघींचीही बाजू घेते.

कलम २. जंगम वस्तू. माझे भिंग, पितळी पट्टी आणि लाल पेन्सिली छापखान्यातल्या बांधणीवाल्याला द्याव्यात. माझ्या दुरुस्त्यांपायी त्याने शिवलेली पुस्तके कितीदा उसवली. कुरकुर केली, पण उसवली. फोटोंचे चारही अल्बम पुतणीला. चंद्रावर पहिला उतरला त्याच्याच हातात बहुतेक वेळ कॅमेरा होता, त्यामुळे तिथल्या बहुतेक फोटोंत दुसराच दिसतो. आमच्याकडे कॅमेरा दुसरीच्या हातात होता. म्हणून चारही अल्बमांत ताईच आहे. मी आहे ती फक्त एका फोटोत, सावली म्हणून.

कलम ३. दुसऱ्यांची वही. जगाच्या भूगोलात जे जे दुसरे आले, त्यांची नोंद मी या वहीत केली आहे. के-टू हे दुसरे उंच शिखर. मोजणीदाराने टाकलेली खूण हेच त्याचे नाव होऊन बसले आणि चढायला ते पहिल्याहून अवघड. न्यू गिनी हे दुसरे मोठे बेट. दक्षिण ध्रुवावर दुसरी पोचलेली तुकडी महिनाभर उशिरा पोचली, तिथे पहिल्यांचा तंबू पाहिला आणि परतीच्या वाटेवर सगळी गेली. ते पान मी अजून कोरड्या डोळ्यांनी वाचू शकत नाही. ताई या वहीला ‘रडतराऊतांची यादी’ म्हणते. मागच्या वर्षी तिने ती कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. त्याच दुपारी मी पहिले मृत्युपत्र केले.

कलम ४. कबुली. एके वर्षी शालेय नकाशासंग्रहाच्या शेवटच्या पानावर मी दुसऱ्यांचा तक्ता घालायला लावला. व्यवस्थापकांशी आठवडाभर भांडले तेव्हा दहा ओळी मिळाल्या. त्याच पानाच्या तळाला आम्हा दोघींची नावे छापली जात, पहिली तपासणी आणि दुसरी तपासणी, एकाखाली एक. छपाईआधीचे शेवटचे मुद्रित, म्हणजे प्रूफ, माझ्याकडे तपासायला आले, तेव्हा तक्ता दहाही ओळींचा होता, पण ताईचे नाव नव्हते. ते मी पाहिले. आणि ‘बरोबर’ अशी खूण करून पान पुढे पाठवले. अडतीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही एकच चूक. पुस्तक छापून आले, त्यात एकटे माझे नाव. ताई काहीच बोलली नाही. तिला लागले असणार, या विचाराने मला वाईट वाटे आणि थोडे बरेही वाटे.

गेल्या महिन्यात घराचे कागद शोधताना ताईच्या पेटीत त्या पानाचे आधीचे मुद्रित सापडले. तक्त्याची दहावी ओळ, ‘दुसरे खोल सरोवर: टांगानिका’, पानाबाहेर जात होती. ती ओळ बसावी म्हणून तळाची एक ओळ लाल पेन्सिलीने खोडलेली होती. खोडलेले नाव ताईचे, आणि पेन्सिलही ताईचीच.

मी ते पान तिच्यापुढे धरले. ती रेडिओचा आवाज कमी न करता म्हणाली, “दहावी ओळ गेली असती तर तू वर्षभर जेवली नसतीस. माझं नाव काय, मला पाठ आहे.”

मग तिने चहा टाकायला सांगितले. मी टाकला. रडू आले ते चहा उकळेपर्यंत उरकून घेतले.

त्या पुस्तकाची माझी प्रत शाळेच्या वाचनालयाला द्यावी. समासात मी ताईचे नाव शाईने लिहिले आहे. जागा होती, मला तेव्हा दिसली नाही.

कलम ५. घर. घर दोघींचे, निम्मे-निम्मे. माझ्या हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर नुसते चष्मा पुसत राहिले. पण चढउताराच्या रेषा वाचण्यात माझा जन्म गेला, उतार मला कळतो. म्हणून मी आधी गेल्यास माझा हिस्सा ताईला मिळावा. ताई आधी गेल्यास पुतणीला. पुतणीने ताईकडे राहायला यावे. ताईला गॅस बंद केल्याचे आठवत नाही, किल्ल्या सापडत नाहीत आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही. यातले काहीही तिला सांगू नये. तपासायचे ते तिच्या मागून, गुपचूप तपासावे. मी तेच केले. तिला एकटे सोडून जायची मला भीती वाटते. बाकी कशाची नाही.

छत्रीही ताईलाच. काडी बसवून घेतली आहे.

साक्षीदार: घरचे डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचे शिंपी. मजकूर वाचल्यावर दोघेही दुसरा साक्षीदार व्हायला हटून बसले. शेवटी नाणे उडवले आणि शिंपी जिंकले. ताईलाही साक्षीदार व्हायचे होते, अर्थात पहिली. पण जिला मिळकत मिळते, तिची साक्ष चालत नाही. तेव्हा “निदान मसुदा तरी आधी मीच तपासणार,” असे म्हणून ती तो घेऊन बसली.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: महिन्याची दोन तारीख. वकीलबाईंना एक तारीख सोयीची होती, मला नव्हती.

सही (लिहून ठेवणारी)
सही (डॉक्टर)
सही (शिंपी)

मसुद्यावरील शेरे, वकीलबाईंच्या सांगण्यावरून वेगळ्या कागदावर:

पहिली तपासणी, ताई: कान उजवा, डावा नव्हे. कलम ५ मधले ‘मी आधी गेल्यास’ हे शब्द वगळावेत. मी अकरा मिनिटे आधीपासून रांगेत आहे. मध्ये घुसू नये.

दुसरी तपासणी, मी: कान डावाच. दुसरी दुरुस्ती वकीलबाईंना मान्य नाही. मला आहे.