मोरचेलाचा मान आणि डाव्या पायाची शीर

देवास, थोरली पाती
श्रावण वद्य तृतीया, सन १९०८

तीर्थस्वरूप तात्या यांच्या चरणी,

धाकटा चुलतभाऊ उदाजी याचा साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहीत आहे, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदी समजू नये.) धारेस आपली, वहिनींची आणि आपल्या दम्याची खुशाली कळवावी. मोरचेलाच्या मानावरून आपण माझ्याशी भांडून धारच्या चाकरीत गेलात, त्याला या दसऱ्याला अकरा वर्षे होतील. एवढ्या काळात मी एकही पत्र धाडले नाही याचा राग नसावा. आपणही धाडले नाही, त्याचा मला नाही. आजचे पत्र भांडणाचे नसून माझ्या डाव्या पायाचे आहे.

मान म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, पण पायाच्या बाजूने त्याचा विचार आपण केला नसेल. दरबार भरला की गादीमागे मोरपिसांचे मोरचेल धरून तीन तास उभे राहायचे. हलायचे नाही, टेकायचे नाही. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला तरी समोरच्या रांगेतल्या मानकऱ्यांच्या भुवया वर जातात. पूर्वी वर्षाचे चार दरबार होत. आता कोणी साहेब शिकारीला जाता जाता चहाला थांबला तरी दरबार भरतो. आणि दसऱ्याला एकदा जरी गैरहजेरी झाली तरी मान पुढच्या घराकडे जातो, म्हणजे आमच्या शेजारच्या गणोजीकडे. गणोजी गेली चार वर्षे गच्चीवर केरसुणी हातात धरून तासतासभर उभा राहण्याचा सराव करतो. (आमच्या सौभाग्यवती भवानीबाई त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "उभे आहात तर जरा गच्ची तरी झाडा!")

तर या उभे राहण्याने माझ्या डाव्या पिंढरीच्या शिरा फुगल्या. निळ्या, करंगळीएवढ्या जाड, आणि अशा वेड्यावाकड्या की आमच्या एकाच गावातल्या दोन पात्यांच्या, म्हणजे दोन राज्यांच्या, हद्दीचा नकाशा जणू पायावर काढून ठेवला आहे. कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते मोजणीदारालाही कळू नये. रंगपंचमीच्या दरबारात घोट्याजवळची एक शीर फुटली. रक्त तुमानीतून जोड्यात आणि जोड्यातून जाजमावर आले. मी हललो नाही. रंगाचाच दिवस असल्यामुळे कोणाला संशय आला नाही. पानसुपारी झाली, अत्तर-गुलाब झाले, सगळे उठले, आणि मग मी पडलो. दिवाणसाहेबांनी माझ्या निष्ठेची फार तारीफ केली आणि जाजम धुवायला पाठवले.

मोरोपंत वैद्यांनी जळवा लावल्या. महिनाभरात जळवा धष्टपुष्ट झाल्या, पाय होता तसाच राहिला. इतक्यात कळले की धाकट्या पातीत श्रीपादराव नावाचे डॉक्टर मुंबईला शिकून आले आहेत आणि त्यांच्याकडे शरीराच्या आतला फोटो काढणारे विजेचे यंत्र आहे. धाकटी पाती म्हणजे आमच्या समोरच्या रस्त्याची पलीकडली बाजू, पावले चाळीस. पण मानकऱ्याने दुसऱ्या दरबारच्या मुलखात पाऊल टाकायचे तर परवानगी लागते. ती यायला सतरा दिवस लागले. शिवाय जायचे ते पूर्ण पोशाखात: पगडी, शेला, तलवार, खिळ्यांच्या मोजड्या आणि पायातला मानाचा चांदीचा तोडा. रस्ता ओलांडला तेव्हा पलीकडच्या शिपायाने विचारले, "क्यों भिया, बरात पीछे आ री है क्या?" मी परक्या राज्यात होतो, म्हणून पगडी सावरून पुढे चाललो.

डॉक्टर वयाने लहान, बोलायला तिखट. म्हणाले, "पायातलं सगळं काढा." मोजड्या मी काढणार नव्हतो, कारण परक्या दरबारच्या इमारतीत अनवाणी जाणे आमच्या पातीला कमीपणाचे. तोडा तर काढताच येत नाही. तो दरबाराने घातलेला. मानकरी मेला किंवा मान सोडला तरच सोनाराने त्याची कडी तोडायची. (ही कडी तुटते का ते पाहायला गणोजीने दोन माणसे बाहेर बसवलीच होती.) डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि तसाच फोटो काढला. यंत्र तडतडले, खोलीत निळा उजेड झाला, आणि थोड्या वेळाने काचेवर माझा पाय उमटला. हाडे होती. तोडा होता. मोजडीचे एक्केचाळीस खिळे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट होते. शीर एकही नव्हती. सोबत आलेल्या भवानीबाईंनी काच उजेडात धरली आणि टाहो फोडला, "अहो, यांच्या पायात काहीच उरलं नाही!"

डॉक्टर म्हणाले, "बाई, घाबरू नका. यात फक्त घट्ट वस्तू दिसते. रक्त आणि शीर आरपार जाते." शिरा दिसतील अशी काही तोड आहे का, असे मी विचारले. आहे म्हणाले. विलायतेकडे एका विद्वानाने शिरांमध्ये चुना आणि पारा भरून हाताचा फार सुंदर फोटो काढला होता. मी म्हटले, मग भरा. ते म्हणाले, "तो हात मढ्याचा होता, रावसाहेब." म्हणजे नव्या विद्येने सर्व काही दिसते, फक्त रोग्याने आधी आपल्या बाजूची तयारी पुरी करायची.

पुढची मौज ऐका. डॉक्टरांनी मला निजवले, पाय वर उचलला. शिरा रिकाम्या झाल्या. मांडीला एक फडके आवळून मला उभे केले. शिरा रिकाम्याच राहिल्या. फडके सोडले तसे रक्त वरून खाली धबधब्यासारखे आले आणि शिरा टम्म फुगल्या. शिरांत म्हणे झडपा असतात, त्या रक्ताला खाली घसरू देत नाहीत. माझ्या झडपा नेमणुकीवर आहेत, पण काम करीत नाहीत. (यावरून मला काही खाती आठवली. हे वाक्य वाचून झाल्यावर कागदाचा हा कोपरा जाळावा.) सतरा दिवसांच्या परवानगीने आणि विजेच्या यंत्राने जे दिसले नाही, ते एका फडक्याने दिसले, आणि फडके आमच्या घरीही आहे.

उपाय दोन. रबरी पट्टी बांधून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि उभे राहणे कायमचे बंद. किंवा मांडीत चीर देऊन शीर बांधून टाकायची आणि दोन महिने खाटेवर. मी विचारले, दरबारात पाय उंच धरून बसलो तर? तळवे गादीकडे होतील एवढीच अडचण. डॉक्टर म्हणाले, "गादीचं रक्त वाहत नाही, तुमचं वाहतं. पुन्हा शीर फुटली आणि तुम्ही हलला नाहीत, तर नंतर चौघांना तुम्हाला हलवावं लागेल." मी बसण्याच्या परवानगीसाठी दरबारात अर्ज केला. उत्तर आले की मानकरी बसल्याचा दाखला दप्तरात नाही, सबब प्रकृतीस आराम पडावा अशी सरकारची इच्छा आहे.

शस्त्रक्रियेचा दिवस भाद्रपद शुद्ध दशमीचा ठरला आहे. दसरा त्यानंतर महिन्याने. बाकी क्षेम. वहिनींना माझा नमस्कार सांगावा आणि मजवर पूर्वी होता त्यातला जो काही लोभ उरला असेल तो खर्च न करता ठेवावा.

आपला
उदाजी

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. बसल्याचा दाखला शोधताना दप्तरात दुसराच कागद सापडला. एखाद्या मानावर दोन भावांचा वाद दाखल झाला, तर निकाल लागेपर्यंत कोणीच उभे राहायचे नाही. मोरचेल चौरंगावर ठेवायचे. मान पुढच्या घराकडेही जात नाही. मागचा असा वाद एकोणीस वर्षे चालला आणि दोन्ही भाऊ अंथरुणात, वयोमानाने वारले. तरी आपण कृपा करून दशमीपूर्वी मजवर दावा लावावा.

ता.क. दुसरा. मसुदा सोबत आहे, आपल्या अक्षरात उतरून काढावा. "लबाड" आणि "घरभेदा" हे शब्द मी घातले आहेत. आणखी जोरदार काही सुचल्यास जरूर घालावे. मात्र पुरावा बेताचाच जोडावा. आपण जिंकलात तर तीन तास आपल्याला उभे राहावे लागेल.

ता.क. तिसरा. भवानीबाई सांगतात तसे लिहीत आहे: "थोरल्या भावजींना म्हणावं, दावा टपालानं धाडू नका. स्वतः या, वहिनींना आणा, दसरा करूनच जा. हे दोन महिने खाटेवर पडणार. यांच्याशी भांडायला घरात तोलाचं माणूस नाही, आणि मला वेळ नाही." यातला एकही शब्द मी बदललेला नाही. स्टेशनवर गाडी पाठवीन.