सदतीस नंबरचा मुलगा

मिसिसागा,
१४ सप्टेंबर २००९

ती. आईस,
लोर्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मुद्दाम ऐकत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. तू विचारणारच, तेव्हा आधीच सांगते. कीनन जेवतो, शाळेत जातो, झोपतो. झोपतो म्हणजे खोलीतला दिवा चालू ठेवून झोपतो. बारा वर्षांचा घोडा झाला, पण मी काही म्हणत नाही.

आई, मला एका गोष्टीत तुझा सल्ला हवा आहे आणि तो न रागावता हवा आहे. पुढच्या मोसमासाठी लॅक्रोसच्या क्लबात नाव याच महिन्यात द्यावं लागतं. रॉसदादाच्या क्लबात, म्हणजे आपल्या ओशवेकनला, कीनन पाच वर्षांचा असल्यापासून खेळतोय. पण मला आता त्या बंद छपराच्या अरीनात पाऊल टाकवत नाही. जूनमध्ये त्याच्या काठीच्या जाळीतून सुटलेला चेंडू एमरीच्या छातीवर बसला आणि मार्लीनचं पोर सिमेंटवर निपचित पडलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. झटका देऊन हृदय चालू करणारं ते यंत्र भिंतीवर नसतं, दादाला ते वापरता आलं नसतं, तर आज आपण एकमेकींना काय लिहीत असतो? डॉक्टर सांगतात की दोष कुणाचाच नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या नेमक्या क्षणी चेंडू बसला. म्हणजे पुन्हाही बसू शकतो, असंच ना? आणि या वेळी कीननच्या छातीवर?

म्हणून इथल्या एका क्लबाची निवड चाचणी त्याला दिली. मोठा क्लब आहे. उघड्या मैदानावर खेळतात, बाजूला डॉक्टर उभा असतो, छातीला कासवाच्या पाठीसारखं कवच. सामन्यांना क्लबाची बस नेते, सुट्टीत दोन-दोन आठवडे बाहेरगावी राहायचं. मैदानभर पोरं होती, म्हणून प्रत्येकाला नंबराची बंडी घातली होती. आपल्या पोराला मिळाला सदतीस. कोच ओरडत होते, की सदतीस, शाब्बास! सदतीस, मागे ये! घरी आला तो हसत. आई, जूननंतर पहिल्यांदा हसला गं. त्याला तोच क्लब हवाय. मलाही तोच बरा वाटतो. तू काय म्हणतेस?

मार्लीनला माझा निरोप नको सांगूस. काय सांगणार? लोभ आहेच, तो माझ्या भित्रेपणासकट असू दे.

तुझी,
लोर्ना

---

ओशवेकन,
२१ सप्टेंबर

चि. लोर्नास,

माणसं आहेत, मका पिकला आहे, नदी वाहते आहे, त्या सगळ्यांचे आभार आधी आणि तुला आशीर्वाद नंतर. हा क्रम चुकवायचा नाही, हे तुला लहानपणीच शिकवलं आहे.

तुझं पत्र वाचता वाचता सुपाचा मका करपला. डॉक्टर आणि कवचापर्यंत मी मान डोलवत होते. मग तो सदतीस आला आणि मी चुलीकडे बघायचंच विसरले.

आपल्या आदिवासी पोरांना घरातून उचलून सरकार ज्या निवासी शाळेत ठेवायचं, तिच्याबद्दल तुला मी फारसं कधी सांगितलं नाही. तुम्हीही शहाण्या मुलांसारखं विचारलं नाहीत. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, क्लॅरेन्सला, ट्रकमध्ये घालून नेलं, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो पाच. पहिल्याच दिवशी केस कापले आणि कपड्यांवर नंबर शिवला. जेवायला नंबर, मारायला नंबर, शाबासकीलाही नंबर. शाबासकी द्यायचे हो, तेही काही राक्षस नव्हते सगळे. आणि खरं सांगू? मला ते नंबराला ओ देणं आवडायला लागलं. ओ दिली की मार चुकायचा. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आले. आई मक्याच्या शेतात होती, तिनं माझं नाव घेऊन हाक मारली आणि मी मागे वळून पाहिलंच नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असेल, असं मला वाटलं. आई तिथेच मातीत बसली. क्लॅरेन्स त्या शाळेतून परत आलाच नाही. त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता तू लिहितेस की पोराला नंबर दिला आणि पोर हसत घरी आलं. आणि वर ती बस! दोन-दोन आठवडे! तुझा क्लब म्हणजे ती शाळा नव्हे, एवढं मला कळतं, मी म्हातारी आहे, खुळी नाही. संध्याकाळी पोरं आपापल्या घरी जातात, आईबाप गाडीत कॉफी पीत बसतात. पण दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. माझं तोंड नाही, सगळं आयुष्य पोळलं आहे.

कीननचं खरं नाव, लाँगहाउसमध्ये विधीनं ठेवलेलं, आपल्या कुळाच्या बाईनं राखून ठेवलेल्या नावांतून काढून दिलं आहे. ते नाव आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुणालाही नाही आणि तो असेपर्यंत देताही येणार नाही. सदतीसची बंडी उद्या कुणीही घालेल. तुला एमरीच्या छातीची भीती वाटते, मला या बंडीची. कुणाची भीती खरी ते मला सांगता येत नाही, म्हणून सल्लाही देत नाही. मी फक्त घाबरले आहे, ते कळवते. हे पत्र पोराला वाचू दे.

जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझी आई,
विल्मा

---

मिसिसागा,
२७ सप्टेंबर

ती. आजीस,
कीननचा सा. न. (आईने असं लिहायला सांगितलं.)

तुझं पत्र वाचलं. क्लॅरेन्सआजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण आजी, रागावू नकोस, मला नंबर आवडतो.

ओशवेकनला दुकानात गेलो तरी सगळे माझ्याकडे बघतात. वाईट नाही बघत, चांगलं बघतात. केसांवरून हात फिरवतात आणि विचारतात, की बरा आहेस ना बाळा? त्याचाच जास्त त्रास होतो. इथे कुणाला काही माहीत नाही. सदतीसने कुणालाच मारलेलं नाही.

अजून एक सांगतो, पण आईला सांगू नकोस. चाचणीत मी एकदाही गोलवर चेंडू मारला नाही. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचो. कोच सगळ्यांसमोर म्हणाले, की सदतीसकडून शिका, तो स्वार्थी नाही. मग मी हसलो. आईला वाटलं मी खूश आहे. मारायची वेळ आली की माझे हात गार होतात आणि मला एमरीचे ओठ दिसतात. निळे झाले होते.

एमरी माझ्यावर रागावलाय का? त्याला अजून दुखतं का? आई मावशीला फोन करत नाही आणि मावशीही करत नाही. म्हणजे तो रागावला असणार.

तुझा,
कीनन

ता. क. : इथल्या कँटीनमध्ये जे कॉर्न सूप म्हणून देतात ते तू पाहिलंस तर भांडशील.

---

ओशवेकन,
३ ऑक्टोबर

चि. लोर्नास,

सगळ्यांचे आभार, तुला आशीर्वाद. आज घाईत आहे. कीननचं पत्र पोचलं. त्यात काय आहे ते विचारू नकोस, आजी-नातवाचं आहे.

ते वाचून मी उठले आणि तडक मार्लीनकडे गेले. चालत गेले, कुत्र्यांना शिव्या देत. तिला विचारलं, की तू लोर्नाला फोन का करत नाहीस? तर म्हणते कशी, की मी बोलायला लागले आणि रडू आलं तर लोर्नाला वाटेल मी तिच्या पोराला दोष देते. दोघी माझ्याच पोटच्या आणि दोघी सशाच्या काळजाच्या! आपल्या जुन्या भाषेत मावशीला वेगळा शब्दच नाही, तीही आईच. एमरीनं मला सरळ विचारलं, की मला दोन आया, मग त्यातली एक उन्हाळ्यापासून कुठे बेपत्ता आहे? सांग, मी काय उत्तर देऊ?

आता मुख्य गोष्ट. एमरीनं खेळ मागितला आहे. औषधाचा खेळ, आजाऱ्याला बरं करायला खेळतात तो. मोठ्यांपैकी कुणी सुचवलं नाही, पोरानं स्वतःच रॉसकडे जाऊन मागितला. आजाऱ्यानं मागितला की नाही म्हणायचं नसतं, तुला ठाऊक आहे. येत्या शनिवारी सकाळी, लाँगहाउसच्या मागच्या मैदानावर. लाकडी काठ्या, हरणाच्या कातड्याचा चेंडू, म्हातारेकोतारे आणि पोरंटोरं सगळे एकत्र. एमरीला डॉक्टरांनी अजून धावू दिलेलं नाही, तो बसून बघणार. त्याची एकच अट आहे. कीनन खेळला पाहिजे.

घाबरू नकोस, असं मी लिहिणार नाही. मीही घाबरलेच आहे. ये मात्र.

विल्मा

---

मिसिसागा,
६ ऑक्टोबर

ती. आईस, सा. न. वि. वि.

हे कसलं मागणं गं? ना शिरस्त्राण, ना कवच, आणि माझ्या पोराच्या हातात पुन्हा काठी? समोर रॉसदादा असेल, सत्तरीचे म्हातारे असतील, त्यांची हृदयं ती केवढीशी! पुन्हा कुणी पडलं तर? एकदा झालं ते नशीब, दुसऱ्यांदा झालं तर लोक काय म्हणतील आणि कीनन स्वतःला काय म्हणेल? तो या धक्क्यातून उठणार नाही, आई. मी त्याला कायमची गमावून बसेन.

नाही येत, असं लिहून कागद फाडला. मग कीननला विचारलं. तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, की एमरीनं माझं नाव घेऊन मागितलंय ना, मग जायला लागेल. तुम्ही लोकांनी त्याला हे कधी शिकवलंत?

घेऊन येते. पण मी गाडीतून उतरणार नाही, आधीच सांगते.

तुझी घाबरट,
लोर्ना

---

ओशवेकन,
११ ऑक्टोबर

चि. लोर्नास,

आभार मानायला आज शब्द पुरत नाहीत, म्हणून एवढंच म्हणते, की सगळे आहेत. तुला अनेक आशीर्वाद.

काल तू शब्दाला जागलीस. काचा वर करून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलीस. सूप नेऊन दिलं तर काच बोटभर खाली केलीस. त्या फटीतून वाडगा जात नाही, बाई. मग ती किंकाळी ऐकू आली तेव्हा तू डोकं खाली घातलंस, ते मी लांबून पाहिलं. खेळ संपल्यावर कीनन गाडीत बसला आणि तू कुणाशी न बोलता निघून गेलीस. तो रस्ताभर झोपला, असं आज फोनवर रॉसला म्हणालीस. म्हणजे काय झालं ते तुला अजून कुणी सांगितलेलंच नाही. नीट ऐक.

पहिला बराच वेळ कीनन नुसता धावत होता. चेंडू आला की देऊन टाकायचा. बाकीच्यांना ते कौतुकाचं वाटलं, मला ठाऊक होतं तो काय करतोय. मग चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा समोर गोलचे दोन खांब मोकळे होते आणि द्यायला जवळ कुणीच नव्हतं. पोर थिजलं. काठी वर, हात वर, चेहरा कागदासारखा पांढरा. एकेक करत सगळे थांबले. मला वाटलं, गेलं माझं लेकरू, आता हे असंच उभं राहणार जन्मभर.

तेवढ्यात एमरीनं अंगावरचं पांघरूण फेकलं आणि तो तरातरा चालत गेला तो थेट खांबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हातात काठी नाही, अंगावर पातळ सदरा. तेव्हा मार्लीन किंचाळली. ती किंकाळी तू ऐकलीस. मला डॉक्टरांचं सगळं सांगणं एका क्षणात आठवलं आणि पोरासाठी नुसता धावा केला.

एमरीनं कीननला हाक मारली. लाँगहाउसमध्ये मिळालेल्या नावानं मारली, ते मी इथे लिहीत नाही. आणि वर म्हणाला, की काय रे, पायांना मुळं फुटली का? माझे केस पिकल्यावर मारणार आहेस? मार की, मेल्या!

कीनन एक पाऊल मागे सरला. पण त्यानं मारला.

तुला वाटेल गोल झाला. छे! खांबांपासून कितीतरी बाजूला, म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यांवरून, पार कणसं काढलेल्या मक्याच्या शेतात. असा वेडावाकडा चेंडू मी जन्मात पाहिला नाही. सगळे पुरुष खो खो हसले, रॉस तर मांडीवर थापा मारत होता. मग चेंडू शोधायला कीनन धावला आणि त्याच्या मागून एमरी गेला, चालत.

चेंडू काही शेतात एवढा हरवत नाही. तरी पोरं येईनात. मार्लीन निघाली होती बघायला, तिची बाही मी घट्ट धरून ठेवली. तिकडे काय बोलले ते त्यांना ठाऊक. धाटांच्या आड दोन डोकी दिसत होती, एकदा एक खाली गेलं, मग दुसरं. परत आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि गुडघ्यांना माती. चेंडू एमरीच्या हातात होता. त्यानं तो रॉसकडे टाकला आणि जाऊन पुन्हा पांघरूण घेऊन बसला. खेळ पुढे चालू झाला. कीननचा एकही गोल झाला नाही, पण मारले मात्र त्यानं बरेच.

मार्लीन तुला उद्या फोन करणार आहे. ती रडेल. तूही रड आणि फोन ठेवू नकोस.

क्लबाचं मला विचारू नकोस आणि त्यालाही इतक्यात विचारू नकोस. मी फक्त एक अडचण कळवते. काल खेळ संपल्यावर, गाडीत बसायच्या आधी, तो माझ्याबरोबर घरी आला आणि आपली काठी दाराआड तिथे ठेवलेल्या एमरीच्या काठीला टेकवून गेला. विसरला नाही, मी पाहत होते, नीट टेकवली आणि मागे वळून पाहिलं. आता मला घर झाडायचं आहे आणि पुरुषांच्या लाकडी काठीला आपण बायकांनी हात लावायचा नसतो. दाराआडचा कचरा तसाच पडून आहे. शनिवारी त्याला घेऊन ये. गाडीतून उतर.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आई