सुई अडकायची ती ओळ

आबा, आज हॉटेल दिवस मावळायच्या आतच बंद केलं. गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, माझे कानच थकले. तुम्ही होतात तेव्हा भोरच्या बाजारपेठेत गाणारं यंत्र आपल्या एकट्याकडे होतं. आता समोरच्या हॉटेलात बॅटरीवरचा रेडिओ, पलीकडे सायकलवाल्याकडे दुसरा, आणि त्या दोघांपुढे आपला टिकाव लागावा म्हणून मीही एक घेऊन बसलोय. तिन्ही एकदम सुरू झाले की कुठलं गाणं कुठं संपलं, हे गाणाऱ्यालासुद्धा सांगता यायचं नाही. पोरं तेल चोपडून, भांग पाडून येतात, एका चहावर बोलपटाची गाणी ऐकत बसतात आणि मनातलं लागलं नाही तर मलाच नावं ठेवतात. लग्नातल्या बँडवाल्यांनी तर ताळतंत्र सोडलंय. नवरी सासरी निघालेली, तिची आई पदरात तोंड घालून रडतेय, आणि हे लोक बागेतल्या प्रेमाचं गाणं वाजवतायत. गाण्याचं वेड मला तुमच्याकडून लागलं, हे अख्ख्या भोरला माहीत आहे. त्याच मला आता गाण्याचा वीट आलाय असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. म्हणून तुम्हाला लिहितोय.

आपला ग्रामोफोन कसा आला ते आठवतं ना? भाटघरच्या धरणाचं काम आटपून साहेब लोक निघाले, तेव्हा त्यांच्या एका खानसाम्याकडून तुम्ही तो घेतलात, पितळी कर्ण्यासकट. त्याच्या आदल्या वर्षी दादा घरातून गेला होता. गावात उतरलेल्या नाटक कंपनीच्या तालमी ऐकायला तो रोज जायचा, भांडी विसळताना नाटकातली पदं म्हणायचा. तुम्ही त्याला चुलीपुढे उभा केलात आणि म्हणालात, "तोंड रंगवायचं आसंल तर ह्यो उंबरा इसर." तो खरंच विसरला. कंपनीच्या गाड्या हलल्या त्या दिवशी तोही त्यांच्याबरोबर गेला. मग त्याचं पत्र नाही, सांगावा नाही. आई असेपर्यंत त्याचं ताट घ्यायची आणि तुम्ही काही न बोलता ते फळीवर परत ठेवायचात. घरात त्याचं नाव निघणं बंद झालं. आणि असं असताना तुम्ही कर्णा खांद्यावर टाकून दारात उभे राहिलात, तेव्हा गावानं मनसोक्त हसून घेतलं. 'गाण्यापायी पोरगं घालवलं आन् आता गाणंच इकत आनलं!' तुमच्या तोंडावरसुद्धा बोलायचे. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "गिऱ्हाईक बसतंय न्हवं? मंग झालं." मला ते पटलं होतं. धंदा तर वाढलाच होता.

यंत्राबरोबर आलेल्या तबकड्या साहेबांच्या, नुसता भोंग्यांचा गोंगाट. मराठी गाण्याची एकच, ती तुम्ही पुण्याहून मागवलीत. त्यात एक बाई तिन्हीसांजेला लेकराला घरी बोलावते. दिवे लागले, गुरं परतली, असं सगळं सांगून झालं की ती म्हणते, 'उशीर झाला, आता ये रे.' तबकडी लागली की कुणी बोलायचं नाही हा तुमचा नियम होता, आणि बाजू संपेपर्यंत तुम्ही कुणाला चहा ओतत नव्हता. विंझरकडून बाजाराला आलेला माणूस तसाच रिकामी बशी धरून बसायचा. आता मी असा नियम केला तर लोक समोरच्या हॉटेलात जातील.

त्या तबकडीला खाच पडली ती तुमच्या काटकसरीनं. दर गाण्याला नवी सुई लावायची असते हे तुम्हाला उधळपट्टी वाटायचं. विळ्याला धार लावतो तशी तुम्ही बोथट सुई सहाणेवर घासलीत आणि घासून घासून तिचं टोक असं केलंत की तिनं तबकडीच नांगरली. नांगरली तीही नेमकी त्याच ओळीवर. मग दरवेळी सुई तिथं अडकायची. 'आता ये रे, आता ये रे, आता ये रे.' तुमची बोटं भज्यांच्या पिठानं भरलेली असायची, म्हणून तुम्ही कोरडी राहिलेली करंगळी पुढे करायचात, सुईच्या दांड्याला हलकेच लावायचात, आणि बाई पुढची ओळ गायला लागायची. डोंगरातली माणसं डोळे विस्फारून बघायची. "मालकानं करंगळी लावल्याबिगार बाई फुडं जात न्हाई," असं एकजण दुसऱ्याला सांगताना मी ऐकलंय.

एकदा तुम्ही मागे विस्तवाकडे होता आणि सुई अडकली. मी तेव्हा चांगला मिसरूड फुटलेला होतो. मी हात पुढे केला तर तुम्ही भरल्या दुकानात ओरडलात, "हात लावू नगंस! म्या हाय न्हवं?" आणि मग धावत आलात असंही नाही. हात धुतलेत, पंच्याला पुसलेत, येऊन उभे राहिलात, आणि बाई आपली बोलावतेय, बोलावतेय. यंत्र मोडेल म्हणून तुम्ही मला रागावलात असं मी धरून चाललो. पुण्याचा रेकॉर्डवाला आला तेव्हा त्यानं दुसरी घ्या म्हणून किती गळ घातली. तुम्ही म्हणालात, "आसूं दे हीच. लोकास्नी सवय झालीया." तुम्ही गेल्यावर पुढे ती तबकडी भट्टीच्या धगीनं वाकली आणि गाणं बंद पडलं.

भोरात बंद पडलं, भाटघरात नाही. तिथल्या भजनी मंडळानं ते आपल्याकडे बसून उचललं होतं आणि लेकराच्या जागी विठोबाला घातलं होतं. आणि उचललं ते खाचेसकट! ती ओळ ते परत परत म्हणतात, टाळ हळू करत आणतात, मग वीणेकरीबाबा करंगळी वर करतात आणि सगळे एकदम पुढच्या ओळीवर जातात. मला पहिल्यांदा हसू आवरेना. पण कुणाला काही बोललो नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पोरांनीही ते तसंच उचललं.

गेल्या बाजारच्या दिवशी ते मूळ गाणं आपल्या रेडिओवर लागलं. वीणेकरीबाबा नेमके चहा घेत होते. ओळ आली, एकदाच झाली आणि गाणं पुढे गेलं. बाबांनी बशी खाली ठेवली. "चुकली की रं बाई!" असं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की भांग पाडलेली पोरंसुद्धा गप्प झाली. शेजारी शाळेतले नवे मास्तर बसले होते. ते पुण्याला गाणं शिकून आलेत आणि हल्ली मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी सांगितलं की बाई बरोबर आहे, तुम्ही लोकच आजवर चुकीचं म्हणताय. झालं, वाद पेटला. अर्धे मास्तरांकडे, अर्धे बाबांकडे, आणि मंडळ फुटायची पाळी आली. शेवटी ठरलं की गाणं ज्याच्या घरचं, त्यानंच सांगावं. म्हणजे मी.

काल भाटघरला गेलो. देवळात सगळे बसले होते, मधे पेटी, कुणी टाळ हातात घेतले नव्हते. वाटेत मी ठरवलं होतं की गाण्याच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. दुसरं काही येत नसलं तरी तेवढी एक गोष्ट मला नीट कळते, असा माझा समज आहे. मी म्हणालो, "मास्तरांचं बरोबर आहे. ओळ एकदाच आहे. आमच्या तबकडीला खाच पडली होती."

"खाच व्हती?" बाबांनी विचारलं.

"व्हय. सुई अडकायची. आबा करंगळीनं पुढे ढकलायचे."

म्हातारा वीणेची खुंटी पिळायला लागला. मग म्हणाला, "आसंल बाबा, तुला ठावं. आमाला वाटायचं, मालकास्नीच ती वळ सोडवत न्हाई. हात मोकळं आसलं तरी उभंच ऱ्हायाचं. डोळं रस्त्याकडं. थोरलं पोरगं गेल्यालं त्येंचं... आमी मनायचो, बोलवू द्या त्यास्नी पोटभर. म्हून तर आमी बी थांबायचो."

आबा, देवळात बसल्या जागी मला धुतलेले हात पंच्याला पुसत उभे असलेले तुम्ही दिसलात. मी रोज बघत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला ती सुई का हलवू दिली नाही, नवी तबकडी का घेतली नाही, तो कर्णा बाहेर रस्त्याकडेच तोंड करून का ठेवलेला असायचा, सगळं एकदम कळलं. तोंडानं तुम्ही त्याला उंबरा विसरायला सांगितलंत. परत ये म्हणायला तुम्हाला त्या बाईचा आवाज लागला. सगळ्या डोंगरातल्या माणसांना हे कळत होतं, आणि गाण्यातला दर्दी म्हणून मिरवणारा मी मात्र सुई आणि खाच धरून बसलो.

मला म्हणायचं होतं, बाबा, तुम्ही म्हणता तेच खरं, तसंच म्हणत जा. पण तोवर बाबाच बोलले, "चला, खरं कळलं ते बरं झालं. एकदाच म्हनू." मास्तरांनी पेटी धरली. मंडळानं गाणं सुरू केलं, दिवे लागले, गुरं परतली, आणि ती ओळ आली आणि गेली. कुणी थांबलं नाही. बाबांची करंगळी वर जायला लागली आणि त्यांनी ती वीणेच्या दांडीवर परत ठेवली. मी प्रसादाला न थांबता उठलो.

ह्या पत्राला पत्ता नाही. तुमच्या वाकलेल्या तबकडीचं पाकीट मी टाकलेलं नाही, त्यात घालून फळीवर ठेवतो. जाता जाता एवढंच सांगतो. दादाची वाट बघणं मी कधीच सोडलं, असं मी घरात आणि दारात सगळ्यांना सांगत आलोय. आज सकाळी रेडिओवर ते गाणं परत लागलं. हात पिठात होते. बाईनं एकदा बोलावलं आणि ती पुढे गेली. मी मात्र तिथंच थांबून ती ओळ म्हणत राहिलो, रस्त्याकडे बघत, आणि करंगळी लावायला कुणी नव्हतं.