तीनशे बारा उत्तरं

मंगळवार, १ जुलै. सकाळी साडेसहा

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा सगळं खरं लिहायचं. पहिलं खरं : मी अजिबात घाबरलेलो नाही. पोटात पहाटेपासून कालवाकालव आहे ती चहा कडक झाल्यामुळे.

आज गणिताचा पायाभूत वर्ग सुरू. दहा आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार. शेवटी शंभर मार्कांची परीक्षा, चाळीसला पास. पास झालो की जमीन मोजणीच्या डिप्लोमाला सीट. माझं वय एकसष्ट. नियमात वयाची अट नाही. दोनदा वाचून घेतलंय, एकदा मोठ्यानं.

आणि मला गणिताची भीती कशाला वाटेल? मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. साहेब दुर्बिणीतून बघायचे, मी लांब समोर आकड्यांची पट्टी उभी धरायचो. म्हणजे अर्धं गणित माझ्याच हातात होतं. राहिलेलं अर्धं दहा आठवड्यांत.

दुपारी दीड

वर्ग झाला. दाराजवळ बसलो, तिथे हवा चांगली येते. अठरा जण. सोळा पोरंपोरी नातवंडांत शोभतील अशी, एक मी, आणि एक दवाखान्यात रुग्णांचं सगळं बघणारी ताई. चाळिशीची असेल. तिला नर्सिंगला जायचंय. मला लगेच काका म्हणाली. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. फळ्यावर उणे तीन लिहिलं, पुढे वजाचं चिन्ह, त्यापुढे पुन्हा उणे पाच, आणि म्हणाल्या, हे सोपंय. माझ्या तळहातांना घाम. खोलीला खिडक्या फारच कमी आहेत.

शुक्रवार, ४ जुलै

बाईंनी चाचणी घेतली. कुणाला काय येतं ते फक्त बघायचंय, म्हणाल्या. मी नाव, तारीख, समास सगळं नीट काढलं. समासातच वेळ गेला. वीसपैकी शून्य. बाई म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे हो. एकूण सुरुवात चांगली झाली.

हिनं विचारलं, किती मिळाले? म्हटलं, अजून आमची ओळखपरेड चाललीय.

शनिवार, ५ जुलै

कपाट आवरताना निरोप समारंभाचा फोटो सापडला. साहेबांनी त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हा माझा चालता-बोलता खांब. सगळे हसले. सगळ्यात जास्त वेळ मी हसलो. मग माइक हातात आल्यावर काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं की आता मी डिप्लोमा करणार आणि दुर्बिणीच्या मागे उभा राहणार. टाळ्या वाजल्या. आता मागे फिरायची सोय नाही.

चौतीस वर्षं त्या दुर्बिणीच्या पुढे उभा होतो. मागून कधी बघितलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. बघ, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

रविवार, ६ जुलै

मोठा शोध! पुस्तकाच्या शेवटी सगळ्या गणितांची उत्तरं छापलेली आहेत. नऊ पानं, तीनशे बारा उत्तरं. मला कुणी बोललंच नव्हतं.

नोकरीत असताना एकशे चाळीस खुणेच्या दगडांच्या उंच्या मला तोंडपाठ होत्या. साहेब वही उघडायच्या आधी मला विचारायचे. मग तीनशे बारा म्हणजे काय? रोज दहा. महिन्याभरात पुस्तक खलास. उत्तर बरोबर म्हणजे गणित बरोबर, यात कुणाचं दुमत नसावं.

हिला सांगितलं, वेगळी पद्धत सापडलीय. ही म्हणाली, अभ्यास न करण्याची ना?

मंगळवार, १५ जुलै

दहापैकी दहा! चाचणीची गणितं पुस्तकातून जशीच्या तशी आली होती. चार : उणे सात. पाच : दोन पंचमांश. सहा : शून्य. खणखणीत लिहिली. बाईंनी कागद वर धरून वर्गाला दाखवला. म्हणाल्या, पंधरा दिवसांत शून्यावरून दहा, काकांकडून शिका जरा. मागच्या बाकावरच्या पोरांनी शिट्टी मारली. घरी येताना चप्पल हातात घेऊन धावावंसं वाटलं.

शुक्रवार, १८ जुलै

पुन्हा दहापैकी दहा. पण बाई म्हणाल्या, काका, पुढच्या वेळी फळ्यावर येऊन एक सोडवून दाखवा, पायऱ्या कशा करता ते पोरांना कळू दे.

पायऱ्या.

माझ्या पद्धतीत पायऱ्या नाहीत, एकदम गच्ची आहे. हे बाईंना कसं सांगायचं?

मंगळवार, २२ जुलै

गेलो नाही. गुडघा. दिवसभर लंगडलो. संध्याकाळी ही म्हणाली, अहो, सकाळी डावा दुखत होता ना? दुखणं फिरतं आहे, असं म्हटलं. फिरू दे, म्हणाली, तेवढाच व्यायाम.

शुक्रवार, २५ जुलै

गेलो. गळ्याला मफलर. बाईंना चिठ्ठी दिली : घसा बसला आहे, बोलता येत नाही. बाई म्हणाल्या, फळ्यावर बोलायचं कुठे असतं, लिहायचंच आहे. हे लक्षात आलं नव्हतं. खडू हातात घेतला. आधी तारीख लिहिली, मग समास आखला. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. देव आहे.

बाहेर दवाखान्यातल्या ताईनं गाठलं. काका, वजा वजा अधिक का होतं हो? मी घशाकडे बोट दाखवलं. मग दया आली, हळूच सांगितलं, ते वरूनच तसं ठरून आलंय. तिनं मान डोलावली. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. चिवट बाई आहे.

मंगळवार, २९ जुलै

आज त्रिकोण. बाईंनी फळ्यावर एक सरळ काठी काढली आणि एक कललेली. विचारलं, एकाच आडव्या नजरेनं बघितलं तर कुठल्या काठीवर आकडा मोठा दिसेल? आणि असं कुणी प्रत्यक्ष केलंय का?

मी केलंय. चौतीस वर्षं केलंय. साहेब लांबून हात हलवायचे, मी पट्टी हळूच पुढेमागे झुलवायचो आणि ते त्यातला सगळ्यात लहान आकडा टिपून घ्यायचे. लहान आकडा दिसतो तेव्हाच पट्टी सरळ असते. कललेलीवर मोठा. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती.

पण हे उत्तर शेवटच्या नऊ पानांत नाही. चुकलं असतं तर? काल-परवापर्यंत दहापैकी दहा घेणारा माणूस. गप्प बसलो. मागच्या बाकावरच्या एका पोरानं काहीतरी ठोकून दिलं, तेच बरोबर निघालं.

जेवण गेलं नाही. हवामान.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी अकरा

तीनशे बाराच्या तीनशे बारा पूर्ण! हिला पुस्तक देऊन म्हटलं, घे परीक्षा. संग्रह नऊ, प्रश्न चौदा? एकोणतीस. संग्रह अकरा, प्रश्न दोन? उणे एक छेद तीन. ही थक्क झाली. मग म्हणाली, बरं, एका टाकीचा दोन तृतीयांश भाग भरायला… मी म्हटलं, नंबर सांग. ही म्हणाली, ऐका तरी. नंबर सांग आधी! हिनं पुस्तक मिटलं. मग आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

वर्गाला जायची वेळ झाली. छातीत धडधडतंय. यशाचं असणार.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आजचं कसं लिहू.

बाईंनी जोड्या लावून दिल्या. हुशारानं कच्च्याला समजवायचं. ताई माझ्या वाट्याला आली. गणित होतं औषधाचं. एका मिलीत पाच मिलिग्रॅम औषध, रुग्णाला नऊ मिलिग्रॅम द्यायचंय, तर किती मिली? मी पेन्सिलही न उचलता सांगितलं, अठरा.

ताई हसायलाच लागली. अहो काका, अठरा मिली? अठरानं पेशंट उठायचाच नाही! मी म्हटलं, संग्रह सातचा सहावा ना? अठराच. ती हसायची थांबली. म्हणाली, काका, पाचाला एक मिली. दहाला दोन. नऊ तर दहाच्याही आत. मग दोनाच्या आतच यायला हवं ना? एक पूर्णांक आठ दशांश. आणि हात वर करून बाईंना विचारलंच. बाईंनी शेवटची पानं उघडली. म्हणाल्या, टिंब राहिलंय छापायचं, छापखान्याची चूक. म्हणून सांगते, उत्तरांवर विसंबू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला दिसलं.

ताई उद्या नर्स होईल. तिच्या हातात सुई असेल. ती माझं ऐकून घेणारी असती तर?

आज घाबरलो. लिहून ठेवतो. चहा वगैरे काही नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. संध्याकाळी सहा

ताईला स्पष्ट सांगितलं, माझ्या पद्धतीनं जाऊ नकोस, तुला झेपायची नाही. ती म्हणाली, काका, तुम्हाला येत नाही का हो? इतकं साधं विचारलं की खोटं पटकन सुचलं नाही.

आता वर्गानंतर कॅन्टीनमध्ये ती मला अपूर्णांक शिकवते. म्हणजे तिला शिकवायची सवय व्हावी म्हणून मी बसतो. आज तीन तासांत एक वजाबाकी केली. छेद सारखे करायचे असतात. एकसष्ट वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी पट्टी धरून उभा होतो.

परीक्षेला अठरा दिवस. नियोजन : अपूर्णांक दोन दिवस, उणे आकडे दोन दिवस, बाकीची तेरा प्रकरणं रोज एक. एक दिवस विश्रांती.

शनिवार, ६ सप्टेंबर

अजून अपूर्णांकच. पण घट्ट. गडबड करून उपयोग नाही, पाया पक्का पाहिजे. बाकीच्यासाठी पाठांतर आहेच, तेही एकदा उजळून घेतलं. सातच्या सहाव्यात टिंब घातलं.

मुलीचा फोन. बाबा, तयारी झाली का? झाली, म्हटलं. ही मागून ओरडली, खोटं बोलू नका हो, तिलाही मुलं आहेत, कळतं तिला.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी दोन

परीक्षा झाली.

पेपर हातात आला. पहिला प्रश्न वाचला, ओळखीचा. पण आकडे वेगळे. दुसरा, आकडे वेगळे. तिसरा, तोच प्रकार. मी जबाबदार माणूस. उठून उभा राहिलो आणि पहाऱ्यावरच्या सरांना भर वर्गात सांगितलं, सर, पेपरात छपाईच्या चुका आहेत. वीसच्या वीस प्रश्नांत.

सर जवळ आले. म्हणाले, आजोबा, आकडे मुद्दाम बदललेत. बसा, पाणी प्या.

बसलो. पाणी प्यायलो. कुणी हसलं नाही, त्यानं जास्त भीती वाटली. ताईनं पलीकडून बघितलं आणि पेन वर करून दाखवलं, लिहा म्हणून.

पहिला प्रश्न : पाच छेद सहा वजा तीन छेद चार. छेद बारा. दहा वजा नऊ. एक छेद बारा. पटेना. पुन्हा केलं. तेच. कच्च्या कागदाची एक पट्टी दुमडून बारा भाग पाडले, रंगवले, मोजले. एकच भाग उरला. तोवर पावणेबारा. मग चौथ्यांदा केलं, कारण तीनदा बरोबर आलं की संशय येतो.

उरलेल्या एकोणीस प्रश्नांना पाठ उत्तरं लिहून टाकली. दोन महिन्यांची मेहनत वाया कशाला घालवायची.

मंगळवार, १६ सप्टेंबर. सकाळी दहा

निकाल लागला. फलकावर माझ्या नावापुढे ५.

लगेच कार्यालयाच्या खिडकीशी गेलो. क्लार्कला म्हटलं, पाचापुढचं शून्य छापायचं राहिलंय, अशा चुका होतात, एक मी स्वतः पाहिलीय. त्यानं माझा पेपर काढून समोर ठेवला. म्हणाला, शून्यं सगळी आहेत आजोबा, मोजून घ्या. एकोणीस होती.

पहिल्या प्रश्नापुढे मात्र पूर्ण पाच, आणि बाईंच्या अक्षरात : पायऱ्या बरोबर.

ताई पास. अडुसष्ट. माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यात उभं केलं, म्हटलं, हे उलटं होतंय. डिप्लोमाची यादी शेजारीच लागली होती. त्यात मी नाही. बाई म्हणाल्या, जानेवारीत नवी बॅच आहे, याल ना? हो म्हटलं.

सायंकाळी सहा

ही दारातच उभी होती. चेहऱ्यावरूनच कळलं असणार. तरी हिला नीट बसवून सगळा हिशोब मांडून दाखवला. एका परीक्षेला पाच मार्क. पास व्हायला चाळीस. म्हणजे आठ परीक्षा. वर्षाला दोन. चार वर्षं. पासष्टाव्या वर्षी डिप्लोमाला सीट. पासष्ट काही फार नाही.

हिनं तो कागद हातात घेऊन वरून खाली वाचला. मग म्हणाली, अहो, मार्क असे साठत नाहीत.

म्हटलं, ते राहू दे. भागाकार बरोबर आहे का, एवढंच सांग.

बरोबर आहे, म्हणाली.