पुरीएवढं भोक

मिल्टन,
मंगळवार, १४ जानेवारी २०२५, सकाळी ८ वाजून ४० मिनिटं

ती. सौ. रश्मीताईस,
नंदनचा सा. न. वि. वि.

आत्ता बेसमेंटमध्ये हीटरपुढे बोटं शेकत बसलोय. निमिषभाऊजींच्या गाडीवरचा बर्फ काढला : सगळ्या काचा, आरसे, दिवे, टप. पंचवीस मिनिटं लागली. आज संक्रांत, म्हणून गोड लिहायचं ठरवलं होतं. जमणार नाही. फोनवर लिहीत नाही, कारण तुझे मेसेज घरातल्या टॅबवर सगळ्यांना दिसतात.

काल मला बेकरीत लवकर जायचं होतं, म्हणून भाऊजींनी स्वतः काच साफ केली. म्हणजे दुकानाच्या मेंबरशिप कार्डाने पुरीएवढं भोक पाडलं आणि त्यातून बघत केयाला शाळेत नेलं. टपावर वीतभर बर्फ तसाच. मी बसस्टॉपवरून पाहिलं. हा माणूस बँकेच्या सुरक्षिततेचं सॉफ्टवेअर लिहितो. केया सांगत होती की बाबा एक डोळा मिटून चालवतात, पायरेटसारखे.

आज मी विषय काढला. म्हणाले, उरलेला बर्फ वाटेत हीटरने वितळतो, बारावी नापासाने इंजिनिअरला फिजिक्स शिकवू नये. वर माझ्या स्क्रेपरने काचेला चरे पडतात म्हणे. क्लीनरने उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे.

तेव्हा केयाची लहान मुलांची सीट गाडीतून काढून ठेवू का? इथे त्या सीटशिवाय ते तिला गाडीत नेऊ शकणार नाहीत. शाळा चालत अठरा मिनिटांवर आहे. दोनदा मोजलं. लगेच कळव.

तुझा लोभ आहेच, तो वापरायची वेळ आली आहे.
नंदन

—

विंडसर,
रविवार, १९ जानेवारी

चि. नंदनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघणारा तू! शाळेत असताना पंखा पडेल म्हणून कॉटखाली झोपायचास, ते आठवून हसले. इथे कारखान्यात सगळ्यांना सांगितलं.

निमिष अकरा वर्षं इथे गाडी चालवतोय. आळशी आहे, पण आंधळा नाही. सीटला हात लावू नकोस. तू त्याच्या घरात राहतोस आणि मी तीन तासांवर आहे. त्याने तुला बाहेर काढलं तर या थंडीत खोली कुठे शोधशील? मार्चअखेर माझं इथलं काम संपतंय. तोवर दोन शब्द गिळायला शिक. मीही तेच करून संसार केला.

तिळाच्या वड्या वेगळ्या पाठवते. एक त्यालाही दे. तुझ्या हातून.

माया तशीच आहे, तू फक्त शहाणा राहा.
ताई

—

मिल्टन,
शनिवार, २५ जानेवारी

ती. ताईस,
नंदनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. उशिरा का, ते शेवटी येईलच.

आठवडाभर वाट पाहिली. उत्तर नाही, म्हणून गुरुवारी सकाळी सीट काढली. भाऊजी दारात आले. आवाज इतका की शेजारच्या अरविंदकाकांनी पडदा सरकवला. एक तारखेला खोली रिकामी कर, म्हणाले. मग कार्ड काढलं, भोक पाडलं आणि एकटेच निघाले. मी केयाला घेऊन चालत मागे.

कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक लावला आणि टपावरचा सगळा बर्फ घसरून समोरच्या काचेवर आला. भोकसुद्धा गेलं. गाडी फिरली आणि कॉलनीच्या टपालपेट्यांवर आदळली. भाऊजींना खरचटलंही नाही. मागचं उजवं दार मात्र केया बसते तिथपर्यंत आत आलं. ती माझा हात धरून उभी होती. तिने विचारलं की मामा, माझी सीट कुठे आहे. मी सांगितलं, घरी.

तुझं पत्र त्याच वाकलेल्या पेटीत अडकलं होतं, काल नव्या पेट्या बसवताना सापडलं. तेव्हा तुझा शब्द मी मोडलेला नाही. वेळेवर मिळालं असतं तर पाळला असता. याच विचाराने काल रात्रीपासून जेवण गेलेलं नाही.

वड्या पोचल्या. एक भाऊजींना दिली. खाली बघून खाल्ली. खोलीचा विषय पुन्हा निघालेला नाही, तरी बॅग भरून ठेवली आहे. आज सकाळी भाड्याच्या गाडीची समोरची काच त्यांनी स्वतः पूर्ण साफ केली. टपही. मग सीट मागायला आले. मी जिना चढून बर्फाने तशीच भरलेली मागची काच बघितली आणि सीट दिली नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव, नव्या पेट्या बसल्यात.
नंदन

खर्च : स्क्रेपर आणि ब्रश १८ डॉलर ४० सेंट, काच धुवायचं पाणी ६ डॉलर.
भाऊजींकडून येणं : २४ डॉलर ४० सेंट आणि मागची काच.