सातची घंटा

बुधवार, मधली सुट्टी

प्रिय माळीबुवा,

तीन वर्षांनी लिहितोय, त्यामुळे मायना काय घालावा यातच निम्मी सुट्टी संपली. 'आशीर्वाद' लिहावं तर तू म्हणणार, आले मोठे आशीर्वाद देणारे. 'नमस्कार' लिहावं तर बायकोच्या धाकट्या भावाला दाजीने नमस्कार करणं बरं दिसत नाही. तेव्हा दोन्ही अर्धे अर्धे घे आणि पुढे वाच. आम्ही बरे आहोत. आबा बरे आहेत हे तुझी ताई रोज सकाळी तुझ्या घरी जाऊन बघून येते आणि मला येऊन सांगते, म्हणजे खुशालीचं खातं तिने आधीच उरकलंय.

फोन केला असता. पण माझा आवाज आला की तू 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतोस. सख्ख्या दाजीला राँग नंबर! म्हणून हे पत्र ताईच्या पिशवीतून, आबांच्या डब्याखाली ठेवून पाठवतोय. तिची अट एकच, पाकीट चिकटवायचं नाही, ती आधी वाचणार. तेव्हा यातलं तिच्याबद्दलचं सगळं चांगलंच असेल, त्यावर फार विश्वास ठेवू नकोस.

विशेष असं काही नाही. शाळा मंडळाचा 'कर्मचारी गौरव सप्ताह' चालू आहे, सगळ्या शाळांत. तुझ्याही शाळेत असेलच. आमच्याकडे सोमवारी शिक्षकांनी शिपायांना, सफाईवाल्या बाईंना आणि स्वयंपाकघरातल्या दोघींना चहा करून पाजला. चहा विज्ञानाच्या सरांनी केला. मापं काटेकोर होती, चव मात्र फिनेलच्या बादलीत डोकावल्यासारखी. सगळ्यांनी 'वा वा' म्हणत प्यायला आणि सफाईवाल्या बाईंनी उरलेला तुझ्या मोगऱ्याला घातला. मोगरा अजून जिवंत आहे, काळजी करू नकोस.

मुलांनी प्रत्येकासाठी चिठ्ठ्या लिहून फळ्यावर लावल्यात. मला सतरा आल्या. त्यातल्या चौदांमध्ये एकच मजकूर: 'घंटेवाले काका, तुम्ही शेवटच्या तासाची घंटा फार छान वाजवता.' पहिल्या तासाच्या घंटेचं कौतुक एकाही मुलाने केलेलं नाही. आणि एक चिठ्ठी तुझ्या नावाने होती. तुला जाऊन तीन वर्षं झाली तरी चौथीतल्या कुणीतरी लिहिलंय, 'आमच्या ताईला माळीकाकांनी गोगलगाय दाखवली होती, ती आम्हाला पण बघायची आहे.' ती मी काढून खिशात ठेवलीय, सोबत पाठवतो.

बाग कशी आहे ते विचारू नकोस. तुझ्या जागी जो आला होता तो गेल्या महिन्यात गावी गेला, तो परत येणार नाही. कुंपणाची मेंदी खेळाच्या सरांनी कापली. त्यांनी ती एका रांगेत उभं करून कवायत करून घ्यावी तशी कापलीय, मधे दोन ठिकाणी 'विश्राम'. जागा रिकामी आहे, माळ्याची. एवढंच सांगायचं होतं.

एवढंच नव्हतं. पण सुट्टी संपली, घंटा देऊन येतो.

घंटा देऊन आलो. तर मुख्य बातमी अशी, की मला पुरस्कार मिळालाय. हसू नकोस. सगळ्या मंडळातून एक, 'अचूक वेळेसाठी'. शनिवारी आपल्याच शाळेच्या पटांगणात सोहळा आहे. हे कसं घडलं ते ऐक, तुझी करमणूक होईल.

गेल्या महिन्यात मंडळाने सगळ्या शाळांना आपोआप वाजणारी घंटा दिली. भिंतीवर डबा, त्यात घड्याळ, सेकंदाचाही फरक नाही. बसवायला एक तंत्रज्ञ आला. मी दोरी गुंडाळून ठेवली आणि म्हटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सातला डबा किंचाळला. दरवानाने नियमाप्रमाणे गेट लावलं. आणि गेटबाहेर कोण, तर नऊ शिक्षक, ग्रंथपाल आणि खुद्द मुख्याध्यापिका, मोठ्या बाई! बाई, ज्यांनी आयुष्यात कुणाची दोन मिनिटं माफ केली नाहीत, त्या पर्स छातीशी धरून गेटच्या गजांतून आत बघत होत्या.

तंत्रज्ञ म्हणाला, "मशीन बरोबर आहे." गणिताच्या बाई म्हणाल्या, "मशीन पुढे आहे." तो बिचारा मोबाईल काढून दाखवायला लागला. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचा मोबाईलही पुढे आहे. आमची घंटा वीस वर्षं एक मिनिट इकडची तिकडे झालेली नाही." नऊच्या नऊ जणांनी माना डोलावल्या. शेवटी त्याने डबा चार मिनिटं मागे केला, मग बाईंना तोही आवडेना, त्यांनी काढायला लावला. वर मंडळाला पत्र लिहिलं, की आमच्या घंटेवाल्याची बरोबरी यंत्राला येत नाही, याचा गौरव व्हायला हवा.

आता खरं सांगतो. मशीन बरोबर होतं. माझी सातची घंटा सातला होत नाही. सात वाजून चार मिनिटांनी होते. गेली चौदा वर्षं. आणि गंमत म्हणजे हे त्या सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपल्यालाच कळलंय, आणि प्रत्येक जण घरून चार मिनिटं उशिरा निघत होता. मग यंत्र बरोबर आहे असं म्हणणार कोण?

थांब, पाचव्या तासाची घंटा.

आलो. आता पुढच्या घंटेला चाळीस मिनिटं आहेत, म्हणजे पळवाट नाही.

चौदा वर्षं म्हटलं, तर तू लगेच हिशेब केला असशील, की चौदा वर्षांपूर्वी आबा घसरून पडले आणि अंथरुणाला खिळले. तू त्यांना उठवून, अंग पुसून, चहा पाजून, खिडकीपाशी बसवून मगच निघायचास. मग तुला मिळायची ती बस कोपऱ्यावर यायची सात वाजून एक मिनिटाला. तिथून गेटपर्यंत तीन मिनिटं, तीही पळत. मी वरच्या व्हरांड्यात दोरी धरून उभा. पहिल्या दिवशी सात झाले आणि तू दिसेनास. म्हटलं, बघू जरा. मग चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून तू आलास, डब्याची पिशवी काखेत, एक चप्पल हातात. तू गेटात पाय टाकलास आणि मी दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मग ते रोजचंच झालं. तुला सांगितलं नाही, कारण तू मानी. सांगितलं असतं तर तू आबांना अर्ध्या अंघोळीत ठेवून धावत आला असतास. माझे सासरे आहेत ते, माझंही काही लागतं की नाही? मला दुसरं काही जमत नव्हतं, चार मिनिटं जमत होती.

पण तू काय केलंस? तू रोज गेटात शिरून घड्याळ माझ्या घंटेवर लावायचास आणि वर बघून ओरडायचास, "बघा दाजी, घंटा आणि मी एकदमच!" अकरा वर्षं! मोठ्या बाईंनी मुलांसमोर तुझं उदाहरण दिलं तेव्हा तू मान कशी ताठ केली होतीस ते मी विसरलेलो नाही. मी वर उभा राहून हसू दाबत होतो. मजा वाटायची रे. सकाळचं पहिलं हसू माझं तेच होतं.

आणि मग तुझ्या भाचीचा वाढदिवस. पंचवीस माणसं जेवायला बसलेली, आणि तू भरल्या घरात म्हणालास, "दाजींचं काय, वेळ पाळायला अक्कल लागत नाही, हातात दोरी असली की झालं. वेळेवर येणं बघायचं तर माझ्याकडे बघा." सगळे हसले. तुझी ताईही हसली. (हो, हसली होतीस. वाचतेयस ना.) मला असं झोंबलं म्हणून सांगू. मी मनात म्हटलं, असं काय? उद्या बघतो.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे साहेब तपासणीला येणार होते. सगळे शिक्षक साडेसहालाच येऊन बसलेले. तुलाही लवकर यायला सांगितलं होतं, पण आबांना रात्रभर खोकला होता, आणि तुझा तुझ्या वेळेवर फार भरवसा. मी बरोबर सातला दोरी ओढली. एक सेकंदही थांबलो नाही. माळीबुवा, मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. तुझी फजिती होईल, चार लोक हसतील, फिटंफाट. साहेब गेटाशी उभे आहेत हे मला दोरी ओढल्यावर दिसलं.

पुढचं तुला माहीत आहे. हजेरीच्या पुस्तकात लाल शाईचा शेरा, आणि पंधरा दिवसांत दोन बस पलीकडच्या शाळेत बदली. तू जिन्याखाली उभा राहून मला विचारलंस, "दाजी, मी कोपऱ्यावर येतच होतो ना? जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" आणि मी साहेबांच्या देखत म्हणालो, "नियम म्हणजे नियम." तीन वर्षं ते वाक्य माझ्याच कानात वाजतंय.

तू घड्याळ दुरुस्तीला टाकलंस असं ताई म्हणाली होती. घड्याळात काही बिघाड नव्हता रे. दोष माझा होता. तू त्या दिवशी नेहमीच्याच वेळेवर आला होतास.

आता तू साडेपाचला घर सोडतोस, ताई पहाटेच आबांकडे जाते, आणि मी माझा चहा स्वतः करतो. विज्ञानाच्या सरांना नावं ठेवतोय, पण माझाही फार वेगळा होत नाही. आणि मजा बघ, तू नाहीस तरी सातला माझा हात उठत नाही. चष्म्याच्या दुकानाच्या कोपऱ्याकडे नजर लागते, चार मिनिटं जातात, मग ओढतो. कोण यायचं असतं? कोणी नाही. नऊ शिक्षकांची आणि मोठ्या बाईंची मात्र चैन झाली, आणि मला पुरस्कार.

सोमवारी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं भांडेल. ती पोळी लाटता लाटता थांबली आणि एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं थांबलात, आणि एक दिवस नाही?" तेव्हापासून कामापुरतंच बोलते. घरात कशी छान शांतता आहे. (हे शेवटचं वाक्य खोडलंय, ते वाचू नये.)

काल मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, मला पुरस्कार नको, माझी घंटा चुकीची आहे, आणि माळ्याचा शेरा माझ्यामुळे आहे, तसं मी लिहून देतो. बाईंनी उठून दार लावलं. खिडकीशी जाऊन त्या कापलेल्या मेंदीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हे लिहून दिलंत तर मी चार मिनिटं कुठे होते, हेही मला लिहावं लागेल." त्या खुर्चीत बसल्या, तुझं त्या वर्षीचं हजेरीचं पुस्तक मागवून घेतलं आणि लाल शेऱ्याखाली निळ्या शाईने स्वतः लिहिलं: 'सदर दिवशी सकाळची घंटा नेहमीपेक्षा चार मिनिटे आधी झाली. कर्मचारी नेहमीच्या वेळी हजर होता.' खाली सही, शिक्का. मला म्हणाल्या, "यात एक तरी शब्द खोटा आहे का?" नव्हता. पुरस्काराचं म्हणाल्या, पाटी कोरून झालीय, आता निमूट घ्या आणि भाषण करू नका.

साहेबांना विचारून झालंय. जागा तुझी आहे. फक्त तुझा अर्ज हवा, तुझ्या सहीचा, आणि तो शनिवारी साहेबांच्या हातात द्यायला हवा. सोमवारी दुसरा माणूस येतोय. कागद सोबत ठेवलाय, कोरा. माझ्यावरचा राग तसाच ठेव, हवं तर वाढव, पण सही कर. आबांचं सकाळी ताई करते ते बरंच करते, पण ते रोज विचारतात, पोरगा कुठाय. आणि मला भाषण करायचं नाहीये, पण तू समोर असलास तर करणार आहे. बाईंना काय वाटायचं ते वाटो. पंचवीस माणसांत तू बोललास, तर मी पाचशे माणसांत बोललो पाहिजे.

सोहळा बरोबर अकराला, माझ्या घंटेने सुरू व्हायचा आहे, तसं पत्रिकेत छापलंय. साहेब असतील, सगळ्या शाळांचे लोक असतील. तुझी बस कधी येते मला माहीत नाही. उशीर झाला तर होऊ दे. आबांना उठवून, चहा पाजून, खिडकीपाशी बसवून सावकाश ये. धावू नकोस, चप्पल पायातच ठेव. मी वर व्हरांड्यात आहे. साहेबांनी घड्याळ दाखवलं तरी, बाईंनी डोळे वटारले तरी, तू त्या कोपऱ्यावरून येऊन गेटात पाय टाकेपर्यंत मी घंटा देणार नाही.

दोरी धरून उभा असलेला,
तुझा दाजी